सुंडक्काय: वांग्याच्या कुळातले एक कडू रानफळ

वांगे, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ज्या कुळातली, त्याच कुळातले सुंडक्काय हे फळ तमिळ घरांत नित्याचे असले, तरी मराठी स्वयंपाकघरात ते जवळजवळ अपरिचितच राहिले आहे. शास्त्रीय नाव सोलॅनम टॉर्व्हम. मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले हे काटेरी झुडूप आता उष्ण कटिबंधात सर्वदूर, पडीक जमिनीत आणि रस्त्याच्या कडेला माजलेले आढळते. बडोद्यात मी ते आमच्या शेजारच्या तमिळ मामींच्या अंगणात पाहिले: पुरुषभर उंची, पांढरी फुले, खालून लवदार पाने आणि मटाराच्या दाण्याहून थोड्या मोठ्या हिरव्या फळांचे घोस.

खाण्याआधी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या बांधावरची कामोणी, जिला येथे पीलुडी म्हणतात, पिकून काळी झाल्यावरच खातात आणि तिची हिरवी फळे विषारी द्रव्यांमुळे टाळतात. सुंडक्काय मात्र हिरवीच खुडतात, पण कच्ची कधीही खात नाहीत. जमैकात ही फळे खाऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ओळख पक्की नसताना रानातून कोणतीही फळे तोडून आणू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

कडूपणा घालवण्याची मामींची रीत सांडग्या मिरचीची आठवण करून देणारी आहे. फळे देठ काढून बत्त्याने हलकेच ठेचायची, म्हणजे साल फुटते पण फळ मोडत नाही. मग पाण्यात चोळून चपट्या बिया शक्य तितक्या काढून टाकायच्या. मीठ घातलेल्या आंबट ताकात ती रात्रभर बुडवायची, दिवसा उन्हात पसरायची, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात घालायची आणि ताक संपेपर्यंत हा क्रम चालू ठेवून शेवटी खडखडीत वाळवायची. हे झाले वत्तल. तेलात तळून ते चिंचेच्या दाट कुळंबूत, म्हणजे तमिळ पद्धतीच्या आमटीत, घालतात. थायलंडमध्ये हीच फळे ताजी, हिरव्या रश्शात शिजतात.

शेतीतही या झुडपाला मान आहे: जिवाणूजन्य मर हा झाड वाळवणारा रोग आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी यांना ते चांगले तोंड देत असल्याने वांग्याचे कलम त्याच्या खुंटावर बांधतात.

सयाजीराव गायकवाडांचा विवाह १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पुढच्या चिमणाबाईंशी, झाला आणि त्यांच्याबरोबर तंजावरचे नृत्य बडोद्यात आले. वत्तल मात्र मराठी ताटात रुजले नाही, याची मला खंत वाटते. मंद आचेवर तळलेले, किंचित कडवट, खारट वत्तल मुगाच्या खिचडीवर, वरून तूप सोडून, फार छान लागते. मामींना ही जोडी मुळीच मान्य नाही.