बरणीतला चोर

मी मास्तर नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे, चोवीस वर्षं झाली. पण नदीवर मला सगळे मास्तरच म्हणतात, आणि मीही आता दुरुस्त करत बसत नाही. मे संपता संपता एका पहाटे साडेपाचला आमच्या ओळखीच्या भोई मामांचा फोन आला. "मास्तर, लगोलग या. समदं वर आलंय."

'समदं वर आलंय' म्हणजे काय ते नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. रात्री वळीव धो धो कोसळला होता. उन्हाळाभर गटारी-नाल्यांत साठलेलं सगळं एका रात्रीत पंचगंगेत उतरलं. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या, पाणी तुंबलेलं, वाहून जायला वाट नाही. घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि रात्री उजेड नसल्यामुळे पाणवनस्पतीही ऑक्सिजन सोडायच्या ऐवजी घेतच राहतात. त्यामुळे पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. कुणाची घाण किती, हे पंचनाम्यात येईल तेव्हा येईल.

शहराच्या खालच्या अंगाच्या बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. पाण्यावर पांढऱ्या पोटांची साय धरली होती. जिवंत होते ते तोंडं वर काढून पाण्याचा अगदी वरचा थर ओढत होते, कारण थोडाफार ऑक्सिजन उरतो तो तिथंच. आणि काठावर माणसं. पिशव्या, पाट्या, एकानं तर पोराच्या शाळेचं दप्तर रिकामं करून आणलेलं. तडफडणारा मासा फुकट मिळतो म्हटल्यावर तो का तडफडतोय हे विचारायला कुणाला सवड नसते. मी एक-दोघांना सांगून पाहिलं, खाऊ नका. "तुमी न्हेताय की," असं उत्तर आलं. माझ्याही हातात पाटी होतीच.

नमुने गोळा करायचे तर एक पाटी आणि एक बादली, एवढीच माझी यंत्रणा. सवयीनं मेलेले पाटीत आणि जिवंत बादलीत टाकत गेलो. अर्ध्या तासानं दोन्हींकडे पाहिलं आणि जरा थबकलो. पाटीत रोहू, कटला, शिंगटी, झालंच तर बोटाएवढे सतराशे साठ खवलेवाले. बादलीत मरळ आणि मागूर, बस्स. चिलापी दोन्हीकडे. वर्गात पोरांना तक्ता दाखवताना जे तीन तासांत समजत नाही ते त्या पहाटे नदीनं निवडून ठेवलं होतं.

मरळीच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि त्या पोकळीत ठेवते. तिला वर येऊ दिलं नाही तर मरळ पाण्यात बुडून मरते. पोरं या वाक्याला दरवर्षी हसतात, पण ते खरं आहे. मागुराच्या कल्ल्यांपाशी झाडाच्या फांद्यांसारखा लालभडक अवयव असतो, काम तेच. रोहूकडे यातलं काही नाही. आणि इथंच मला नेहमी गंमत वाटते, त्या दिवशी मात्र वाटली नाही. रोहूच्या पोटात एक फुगा असतो, पाण्यात वर-खाली होताना तोल सांभाळायला. डार्विनला वाटलं होतं की अशा फुग्यापासून पुढं फुप्फुस तयार झालं. आज अभ्यासक उलटं मानतात. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हाडांच्या माशांच्या पूर्वजांना आधी फुप्फुसच होतं. एका फांदीवर ते फुप्फुसच राहिलं, त्याच फांदीवर आपण आहोत. बाकीच्या बहुतेक माशांत त्याचा फुगा झाला. म्हणजे आजोबांनी खणलेली विहीर बुजवून नातवानं त्यावर बैठकीची खोली बांधावी, तसं. रोहूच्या फुग्याची घशाकडे जाणारी नळीसुद्धा अजून शाबूत आहे. विहिरीचा रहाट राहिलाय, पाणी नाही. मरळीनं मात्र परसात नवी विहीर खणली.

मामा जाळ्यानं मेलेले ओढून काढत होते. मधेच त्यांनी एक छोटा मासा माझ्या पाटीत भिरकावला. "ह्यो बी चोर."

मी हसलो. मला वाटलं, पिशव्या भरणाऱ्या माणसांना उद्देशून म्हणतायत.

साडेआठला पंचनामा करायला माणसं आली. छापील कागदावर रकाना एकच, मृत मासे, अंदाजे वजन, किलो. मी म्हटलं, साहेब, निदान जाती लिहा, यात दहा-बारा तरी आहेत. ते म्हणाले, जातीचा रकाना नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. पण शंभर किलो चिलापी मेली काय आणि एखादी जातच संपली काय, कागदाला सारखंच.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा उन्हं तापली होती आणि पाटीला वास सुटायला लागला होता. अशा वेळी डोकं चालत नाही, हात चालतात. पोटाला छोटी चीर द्यायची, मोठ्या माशाला सिरिंजनं आतून फॉर्मॅलिन टोचायचं, मग दहा टक्के फॉर्मॅलिनच्या ट्रेमध्ये सरळ झोपवायचं. वाकडा ठेवला की जन्मभर वाकडा. लेबल पेन्सिलीनं लिहायचं. पेनची शाई द्रवात विरते आणि दहा वर्षांनी बरणीत एक अनोळखी मासा आणि एक कोरा कागद उरतो. आमच्या कपाटात अशा अकरा बरण्या आहेत. माझ्या आधीच्या सद्गृहस्थांची देणगी. सगळे मासे मी एका तासात ट्रेमध्ये घातले आणि स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो.

दुपारी एकेक बाहेर काढून नोंद करत बसलो. मामांनी टाकलेला तो छोटा मासा, वीतभरही नाही, अंगावर एक खवला नाही, बारीक मिशा, पोटाखाली लांबच लांब पर. मार्जारमीन, म्हणजे शिंगटी-मागूर यांच्या मोठ्या गोतावळ्यातला, एवढं उघड होतं. पण शिंगटी नव्हे. सहज म्हणून जठर उघडलं. आत अन्न नव्हतं. आत खवले होते. छोटे, पारदर्शक, एकावर एक रचलेले, जसे कचेरीत तारेला कागद लावतात तसे. ज्या माशाच्या अंगावर एकही खवला नाही त्याच्या पोटात नुसते खवले.

तेव्हा कुठं मामांचं 'चोर' कानात पडलं. त्यांनी नाव सांगितलं होतं. खवलचोर.

हा मासा कृष्णेच्या खोऱ्यातला, जगात दुसरीकडे नाही. १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीचं नाव सरळ मराठीच ठेवलं, खवलचोर. आपल्या नदीतल्या माशांची ही एक मोठी मौज आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हाही त्यानं इथली नावं लॅटिनच्या रांगेत बसवली होती. शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही 'मिस्टस सींगटी' आहे. त्या नावांमागं कुणीतरी काठावर उभा राहून 'ह्यो अमका' म्हणाला असणार. मामा तेच करत होते, आणि मी हसलो होतो.

खवलचोर दुसऱ्या माशाला मारत नाही. अंगाला भिडतो, दातांनी खवले खरवडतो आणि पळतो. खवल्यात काय खाण्यासारखं, असं मलाही आधी वाटायचं. पण त्यात कोलॅजन असतं, म्हणजे प्रथिन, आणि त्यावर त्वचेचा पातळ थर आणि बुळबुळीत लेप येतो तो वेगळाच. शिवाय खवला पुन्हा उगवतो. गिऱ्हाईक मरत नाही, धंदा चालू राहतो. जगात हा धंदा एकाच घराण्यानं शोधला असंही नाही, एकमेकांशी संबंध नसलेल्या माशांनी तो आपापला वेगवेगळा शोधलाय. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात चिलापीच्याच घराण्यातले काही मासे खवले खातात. त्यातल्या एका जातीत काहींचं तोंड डावीकडे वळलेलं, काहींचं उजवीकडे. एक प्रकार कायम उजव्या कुशीवर हल्ला करतो, दुसरा डाव्या. डावे जास्त झाले की बळी त्या बाजूनं सावध होतात आणि उजव्यांची चलती होते. मग पुन्हा पारडं फिरतं. म्हणून दोन्ही टिकून राहतात. मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञानं १९९३ मध्ये हे मांडलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस घरी येईल-जाईल त्याला सांगत होतो. बायकोनं शेवटी विचारलं, आपला मासा कुठल्या बाजूचा?

लोक विचारतात, मासे इतके तऱ्हेतऱ्हेचे का. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत निम्म्याहून जास्त जाती माशांच्याच, पस्तीस हजारांच्या आसपास. त्यातल्या जवळपास निम्म्या गोड्या पाण्यात, आणि गोडं पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या पाण्याच्या जेमतेम अडीच-तीन टक्के, त्यातलंही बरंचसं बर्फात नाहीतर जमिनीखाली. कारण नदी म्हणजे तुटक जग. एका खोऱ्यातला मासा डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जात नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र होतात आणि पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातात. पण सह्याद्रीच्या पलीकडं कोकणात उतरणारं पाणी वेगळं ते वेगळंच. वेगळं पडलेलं पाणी, मध्ये लाखो वर्षं, आणि पोट भरायची एखादी मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे कुणाच्या तरी अंगावरचे खवलेसुद्धा. आणि हे करायला माशांकडं हत्यार होतं, जबडा. पहिल्या माशांना जबडाच नव्हता, नुसती तोंडाची भोकं. कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानींपैकी पुढच्या कमानीपासून जबडा झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोहूच्या तोंडात तर दातच नाहीत, त्याचे दात घशात. मी रोहूचं डोकं उकळून, साफ करून ते घशातले दात आणि फुग्यापासून कानाकडे आवाज नेणारी हाडांची चिमुकली साखळी काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलीय. अशी साखळी शिंगटीतही असते. त्यावरून ओळखायचं, की हा खवलेवाला आणि तो बिनखवल्याचा मुळात भाऊबंद. आता वर्गात विच्छेदन बंद झालंय. बेडकांच्या बाबतीत चांगलंच झालं. पण मंडईतून विकत आणलेला मेलेला रोहूसुद्धा कापायचा नाही म्हटल्यावर पोरं पुठ्ठ्यावरची हाडं मोबाइलवर टिपून निघून जातात.

असो. तर मी आनंदानं आमच्या संशोधक मॅडमना फोन लावला. मॅडम तरुण आहेत, हुशार आहेत, मला काका म्हणतात. त्या इतक्या खूश झाल्या की फोनवर ओरडल्याच. मग एकदम शांतपणे म्हणाल्या, "काका, पराचा तुकडा काढून स्पिरिटमध्ये ठेवलाय ना?"

नव्हता ठेवला.

फॉर्मॅलिन मासा छान टिकवतं. पण आतला डीएनए बिघडवतं. आता सगळं काम डीएनएवर. वरच्या खोऱ्यातला खवलचोर आणि इथला एकच आहेत का, कधी वेगळे झाले, हे त्या नखाएवढ्या तुकड्यावरून बघायचं असतं. फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी, शुद्ध अल्कोहोलात, एक मिनिटाचं काम. मॅडमनी दोन वर्षांपूर्वी मला नळ्या आणून दिल्या होत्या. कपाटात वरच्या फळीवर, सील न फोडलेल्या. चोवीस वर्षांच्या सवयीनं माझा हात फॉर्मॅलिनकडेच गेला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. विभागप्रमुखांनी मात्र बरणीचा फोटो तपासणीच्या फायलीत लावायला घेतला. मथळा होता 'दुर्मीळ माशाचे यशस्वी जतन'. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी मामांकडं गेलो. आणखी होते का, विचारलं. "चार-पाच हुते की. बारकं म्हणून काठाला टाकलं. कावळ्यांनी न्हेलं." मग माझं तोंड बघून म्हणाले, "सांगायचं न्हाई व्हय तवाच?" आधी किती यायचे, हे विचारलं तर त्यांनी हात असा हलवला की तो आकडा कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १९५२. ज्या वर्षी खवलचोराला शास्त्रीय नाव मिळालं त्याच वर्षी आफ्रिकेची चिलापी भारतात आणली गेली. आज मंडईत पाटीभर असते ती चिलापी, आणि चोराचं नाव भोयांखेरीज कुणाला ठाऊक नाही. कमी ऑक्सिजनमध्ये चिलापी तग धरते, चोर धरत नाही. अशा पहाटा येत राहिल्या तर निवड कशी होणार हे मी पाटी आणि बादली घेऊन पाहिलंय. चोर चिलापीचे खवले काढतो का, हे मला त्या जठरातल्या खवल्यांवरून सांगता येईल. ते अजून तपासायचे आहेत. तेवढं फॉर्मॅलिननंही बिघडवलेलं नाही.

आता गाडीच्या डिकीत अल्कोहोलच्या सहा नळ्या आणि एक छोटी कात्री कायम असते. आणि रविवारी मंडईत गेलो की मी मासे उलटेपालटे करून कूस बघतो, कुठं दोन-चार खवले ओळीनं गेलेत का. चोर हाताला लागत नसेल तर निदान चोरी दिसावी. मासेवाल्या मावशी वैतागतात. "मास्तर, घेणाराय का नुस्तं गोंजारताय?" गेल्या रविवारी एका रोहूच्या डाव्या कुशीवर, शेपटीकडं, तीन खवल्यांची जागा रिकामी दिसली. जाळ्यानंही तसं होतं. मी तो रोहू घेतला, मावशींनी सवयीनं साफ करायला विळी पुढं ओढली, आणि मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की शेजारची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.