वयाची वही, नोंद १४ : मारिओचे बत्तीस सेकंद

वय वाढते तसे आपले व्हिडिओ गेम का बदलतात, हे या वहीत मी तपासत आहे. तेराव्या नोंदीच्या शेवटी मी स्वतःच्या बोटांना निवृत्तीचे पत्र देऊन टाकले होते, ते आज परत घेत आहे. एचडीएमआयच्या नव्या कन्सोलवर सुपर मारिओच्या ८-१ मधल्या, म्हणजे आठव्या जगातल्या पहिल्या पातळीतल्या, खड्ड्यांत मी दहापैकी सात वेळा पडत होतो आणि टीव्हीचा लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर, कमी करूनही त्यात फरक पडला नव्हता, हे आपल्याला आठवत असेल. सत्तेचाळिसाव्या वर्षी एवढेच व्हायचे, असा निष्कर्ष तेव्हा मी वहीत लाल शाईने लिहिला होता. तो निष्कर्ष बऱ्याच अंशी चुकला होता आणि चूक उघडकीस आली ती माझ्या हुशारीने नव्हे, तर गॅस सिलिंडरवाल्यामुळे.

जुना कन्सोल, म्हणजे १९९३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत जांभळी नाक्यावरून आणलेला तोच नकली फॅमिकॉम (निन्टेंडोच्या जपानी कन्सोलची नक्कल), दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला. साठ पिनांच्या सॉकेटवरचा गंज आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघाला. (कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची आपल्या पिढीची सवय ज्यांना अजून सुटलेली नाही त्यांना पुन्हा विनंती, की ठाण्याच्या हवेत त्या पिनांना आधीच पुरेसा ओलावा मिळतो.) भाच्याला फोटो पाठवावा म्हणून मी कळव्याच्या भंगारवाल्याकडून आणलेला चौदा इंची ट्यूबचा टीव्ही आणि दिवाणखान्यातला सपाट टीव्ही शेजारी शेजारी ठेवले, ट्यूबवर जुन्या आणि सपाट टीव्हीवर नव्या कन्सोलने १-१ एकदमच सुरू केली, आणि तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडरचे वजन, सील, पावती आणि सुट्या पैशांचा घोळ आटोपून परत आलो, तेव्हा सपाट टीव्हीवरचा मारिओ वेळ संपून नुकताच मेला होता. ट्यूबवरचा मारिओ मात्र सुरुवातीच्या जागीच निवांत उभा होता, घाईचे संगीत वाजत होते आणि वरच्या कोपऱ्यात ६७ हा आकडा दिसत होता.

मग स्टॉपवॉच काढले. या गेममधल्या घड्याळाचा एक आकडा दर २४ फ्रेमना, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या २४ चित्रांना, कमी होतो, म्हणजे ४०० पासून शून्यापर्यंत यायला ९,६०० फ्रेम लागतात. जपानी आणि अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० फ्रेम असल्यामुळे हा वेळ १६० सेकंद होतो. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ५० फ्रेमची, म्हणून आपल्यासाठी बनवलेल्या नकली कन्सोलवर तोच वेळ १९२ सेकंद भरतो. पाच वेळा मोजले आणि हाताच्या चुकीचा अर्धा सेकंद सोडला तर दरवेळी हेच दोन आकडे आले. तात्पर्य असे, की लहानपणी ज्या मारिओवर आपला हात बसला तो मूळ मारिओपेक्षा एक षष्ठांश मंद होता, आणि नवा कन्सोल मला मूळ वेगाने, म्हणजे माझ्या आठवणीपेक्षा वीस टक्के जलद, तोच गेम खेळवत होता. उडीची लांबी दोन्हीकडे तेवढीच असते, कारण ती फ्रेमच्या हिशेबात बांधलेली आहे. बदलते ती फक्त बटण दाबण्याची वेळ.

हे इतकी वर्षे कानांना कसे जाणवले नाही, हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. त्याचे उत्तर प्रोसेसरमध्ये आहे. मूळ फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवर चालतो आणि पालसाठी केलेल्या या नकली चिपांचा १.७७ वर, त्यामुळे सुरांत जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो. संगीताची चाल मात्र फ्रेमवर मोजली जाते, म्हणून ती मंदावते. राग तोच आणि लय विलंबित, असा हा प्रकार आहे. शेजारी द्रुत लयीतली बंदिश वाजत असल्याशिवाय तो कोणाच्या लक्षात येणे कठीण.

आता खरी परीक्षा ८-१ वर घ्यायची होती, आणि त्याच रात्री ट्यूबने मान टाकली. पडद्याच्या मध्यावर एक पांढरी आडवी रेघ राहिली, बाकी सगळा काळोख. ‘व्हर्टिकल गेले’, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग बिघडला, एवढे निदान मलाही करता येते, पण टीव्ही बंद केल्यानंतरही ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, त्यामुळे मागचे झाकण मी उघडत नाही आणि आपणही उघडू नये. नौपाड्यात एक जुने टीव्ही मेकॅनिक अजून काम घेतात. त्यांनी व्हर्टिकल आयसीच्या पायांवरचे ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेले टाके, दाखवले, सहा ठिकाणी पुन्हा टाके दिले, साडेतीनशे रुपये घेतले आणि वर ऐकवले, “साहेब, हा डबा तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे, याला एवढ्यात काय होतंय!” या कामात सगळा आठवडा गेला. ज्यांच्या घरी अशी ट्यूब माळ्यावर पडून असेल त्यांनी ती भंगारात देण्याआधी असा एखादा मेकॅनिक शोधावा, कारण ही माणसे ट्यूबपेक्षाही झपाट्याने कमी होत आहेत.

टीव्ही परत आल्यावर घेतलेल्या चाचणीत ट्यूबवर मी दहापैकी आठ खड्डे पार केले. (१-२ मधून थेट चौथ्या जगात, ४-२ मधून आठव्या, हा नेहमीचाच रस्ता. सगळे जीव संपल्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट केले, की पुन्हा ८-१ पासूनच सुरुवात होते, हे विसरलेल्यांसाठी.) पण इथे आपल्यातले चिकित्सक लगेच विचारतील, की ट्यूबवर लॅग जवळजवळ नसतोच, मग हे यश मंद वेगाचे कशावरून? शंका रास्त आहे. बाराव्या नोंदीतल्या पद्धतीने, म्हणजे बटणाबरोबर पेटणारा एलईडी लावून आणि फोनच्या २४० फ्रेमच्या चित्रीकरणात एलईडी पेटण्यापासून मारिओ उचलला जाईपर्यंतच्या फ्रेम मोजून, ट्यूबवर साधारण ३० मिलिसेकंद येतात, आणि नवा कन्सोल सपाट टीव्हीच्या गेम मोडवर ५८ देतो. म्हणून तिसरी चाचणी केली. जुना कन्सोल, त्याचे चित्र एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या एका स्वस्त कन्व्हर्टरमधून, सपाट टीव्हीला जोडला. तिथे लॅग ९० च्या घरात जातो, म्हणजे तिन्हींत सर्वांत वाईट. तरीही दहापैकी सहा खड्डे पार झाले. लॅग जास्त असून यश दुप्पट आले, तेव्हा दोष वेगाचा होता हे मानायला मला आता हरकत दिसत नाही.

कन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर मन मोकळे करतो. लॅमिंग्टन रोडवर सहाशे रुपयांना मिळणारे हे डबे २४० ओळींचे चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत येणारे) समजून ओळी विणत बसतात, मारिओच्या टोपीला झालर येते, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की लॅग वगैरे काही नसतो. रेट्रोटिंक २एक्स यासारखा ओळी नुसत्या दुप्पट करणारा डबा हेच योग्य उत्तर आहे, परंतु तो मागवायचा तर घरात आधी वेगळी चाचणी द्यावी लागेल.

रविवारी भाचा आला. वय तेरा, हातात सतत फोन, आणि नव्या कन्सोलवर ८-१ मध्ये दहापैकी नऊ. त्याला ट्यूबसमोर बसवले तर दहापैकी चारच, आणि पडला तो प्रत्येक वेळी लवकर उडी मारून, मी जसा नव्या कन्सोलवर प्रत्येक वेळी उशिरा उडी मारून पडत होतो तसाच. चौथ्यांदा पडल्यावर कन्सोलचा रिमोट खाली ठेवून त्याने विचारले, “मामा, हा मारिओ पाण्यात चालतोय का?” वहीतले हे माझे आजवरचे सर्वांत आवडते वाक्य आहे. त्यानंतर पाच दिवस रोज वीस मिनिटे मी मूळ वेगाचा सराव केला आणि तीनवरून सातावर आलो.

तरीही वयाचा हिस्सा शून्य नाही. पडदा हिरवा झाला की बोट टेकवायचे, या साध्या चाचणीत एकाच फोनवर भाच्याची सरासरी २३२ मिलिसेकंद आली आणि माझी २७६. फोनचा लॅग दोघांना सारखाच, म्हणून मधले ४४ माझे स्वतःचे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ या युद्धाच्या गेमच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या खेळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पडद्यावर नवे काही दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच वाढू लागतो असे त्यांना आढळले होते. मात्र मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या चाली आणि शॉर्टकट वापरून ती तूट काही प्रमाणात भरून काढत असावेत, असेही त्यात दिसले. या वहीची मूळ कल्पना त्यावरूनच सुचली होती : बोटे मंदावतात, म्हणून माणूस धावपळीचे गेम सोडून डोक्याचे गेम धरतो.

आणि नेमकी हीच कल्पना या पंधरवड्यात माझ्या हातात फुटली. वेग सापडला, लॅग गेला, उड्या जमू लागल्या, थोडक्यात १९९३ चा मी परत मिळाला, आणि तरी पंचविसाव्या मिनिटाला मी रिमोट ठेवून लॅपटॉपवर इनटू द ब्रीच हा डावपेचांचा गेम उघडला. आठ बाय आठचा पट, शत्रू कुठे मारणार हे आधीच दाखवलेले, आणि मी चाल करेपर्यंत सगळे थांबलेले. खेळ जमत नाही म्हणून सोडला, असे म्हणायची सोय आता उरली नव्हती. कुकरच्या शिट्टीला उठलो, कार्यालयातल्या एका फोनला उत्तर दिले, परत आलो तर पट जागच्या जागी. मारिओलाही स्टार्ट दाबून थांबवता येते हे खरे, पण हाताची लय अशी थांबवता येत नाही. परत आल्यावर पहिल्याच खड्ड्यात आपण पडतो.

पाचपाखाडीतला माझा मित्र, ज्याला जुन्या नोंदींत आपण काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमचा भक्त म्हणून ओळखता, तो हल्ली रोज रात्री युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो. घोडबंदर रोडवर दीड तास गाडी रेटून घरी आलेला माणूस विरंगुळा म्हणून पुन्हा गाडीच का चालवतो, असे मी त्याला विचारले. “इथे पुढची गाडी हलते,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या टोकाला आमचे बाबा आहेत. वय ७६, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला. माझ्या जुन्या कल्पनेनुसार त्यांनी पत्ते लावत बसायला हवे होते. प्रत्यक्षात ते दुपारी दोन ते चार टेट्रिस खेळतात, स्वतःचाच कालचा आकडा मोडायचा म्हणून वरच्या लेव्हलपासून सुरुवात करतात, आणि मध्ये कोणी हाक मारली तर ओ देत नाहीत. त्यांचा प्रतिक्रियेचा वेळ ३५० मिलिसेकंदांच्या वर आहे, पण त्याचे त्यांना काही वाटत नाही.

गेम खेळणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या क्वांटिक फाउंड्री या कंपनीच्या सर्वेक्षणात वयाबरोबर स्पर्धेची ओढ सर्वांत जास्त घटते आणि डावपेचांची आवड बहुतेक टिकून राहते असे दिसले, ते माझ्या आणि मित्राच्या बाबतीत चपखल बसते. अशा सर्वेक्षणाची एक अडचण मात्र वहीसाठी महत्त्वाची आहे. त्यात एकच माणूस वीस वर्षे पाहिलेला नसतो, तर एकाच वेळी वेगवेगळ्या वयांची माणसे पाहिलेली असतात. आजचा पंचेचाळिशीचा खेळाडू कॉन्ट्रा या जुन्या गेमच्या तीस जिवांवर वाढला आणि आजचा पंधरा वर्षांचा फोनवरच्या बीजीएमआयवर. त्यांच्यातला फरक वयाचा किती आणि जमान्याचा किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. बाबांनी तर पहिला गेम साठीनंतर हातात घेतला. त्यांच्याकडे सोडून देण्यासारखी जुनी आवडच नव्हती.

म्हणून पंधराव्या नोंदीसाठी ठरवलेली मिलिसेकंदांची मोठी चाचणी मी रद्द करत आहे, आणि हे लिहिता लिहिता सुचलेला एक नवा रकाना आजपासून वहीत आखत आहे : खेळ कोणी थांबवला, खेळाडूने की घराने? बेल, कुकर, फोन, हाक, झोप, कंटाळा, असे कारण तिथेच लिहायचे आणि किती मिनिटे सलग मिळाली तेही. भाच्याकडून महिनाभर हे लिहून घेण्याची जबाबदारी बहिणीने घेतली आहे. बाबांनी साफ नकार दिला, तेव्हा त्यांची नोंद आई ठेवणार आहे.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुना कन्सोल चालू स्थितीत असेल त्यांनी १-१ च्या सुरुवातीला मारिओला हात न लावता ४०० ते शून्याची वेळ मोजून कळवावी, आणि कन्सोल कुठून घेतला होता तेही लिहावे. डोंबिवलीच्या एका सदस्याने काल १६० सांगितले. त्याचा कन्सोल मामाने दुबईहून आणलेला निघाला, पण दुबईतही टीव्ही पालचाच होता. तेव्हा हे कोडे अजून सुटलेले नाही, आणि पुढच्या शनिवारी तो कन्सोल माझ्या ट्यूबला जोडून पाहायचे आम्ही ठरवले आहे.