हजेरीपत्रकावर हळद नव्हती

सांगलीतल्या लहानमोठ्या आस्थापनांची पगारपत्रके आणि कामगार कायद्यांच्या नोंदी सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. मार्च अखेर आली की वर्षभराच्या राहिलेल्या सह्या आणि शिक्के गोळा करत फिरावे लागते. २०१९ साली ३० मार्चच्या शनिवारी मी त्याच कामासाठी मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीत बसलो होतो. हंगाम ऐन भरात होता. सकाळचे सौदे आटोपून तोलाई सुरू झाली होती आणि दारातून येणाऱ्या पिवळ्या धुळीने टेबलावरचा चहासुद्धा सुटत नव्हता.

पेढीच्या पटावर चौदा माणसे होती. हजेरीपत्रकात प्रत्येकाची वेळ सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेसहा, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी, म्हणजे सहा दिवसांचे नेमके ४८ तास. पाने एका शाईची, एका हाताची आणि डोळ्यांत भरावीत इतकी स्वच्छ होती. शेजारीच शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबपट्ट्यांच्या स्थळप्रतींचा गठ्ठा पडला होता. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता, हजेरीपत्रकावर मात्र महिनाभरात एकही उमटला नव्हता. ज्या पेढीत पाण्याच्या ग्लासालाही हळद लागते तिथे रोज हाताळले जाणारे पुस्तक असे कोरे राहत नाही, हे कळायला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

पट्ट्या संगणकावर निघत असल्यामुळे त्यांवर वेळ छापली जात होती. मी सहज चाळू लागलो. रात्रीचे ९:५२, १०:१५, १०:४७. त्या सगळ्यांवर आद्याक्षरे एकाच दिवाणजीची होती. हा पंचविशीतला मुलगा माझ्यासमोरच बसून पुढची पट्टी काढत होता. रोज इतका उशीर होतो का, असे विचारल्यावर त्याने मान वर न करता सांगितले, ‘‘सीझनला असंच असतंय साहेब. शेतकरी पट्टी घेतल्याशिवाय हलत नाही.’’

मी मालकांकडे हा विषय काढला, तेव्हा त्यांनी शांतपणे कपाटातून एक कागद काढून दिला. गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांवरील व्यक्तींची ती यादी होती. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या तरतुदींतून अशा व्यक्ती वगळल्या जातात. यादीत हा मुलगा ‘सहायक व्यवस्थापक’ होता. यादी मीच टाइप केली होती. वर्षभरापूर्वी मालकांनी नावे सांगितली, मी पदनामे लिहिली, आणि कोण कोणाच्या हाताखाली काम करतो हे विचारण्याची तसदी घेतली नाही. आमच्या व्यवसायात असे किती कागद निघतात, याचा हिशेब मी त्या दिवशी टाळला.

मालकांचे म्हणणे होते, ‘‘आम्ही पगार महिन्याचा देतो साहेब, तासाचा नाही.’’ हे वाक्य मी वीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि पगारदार माणसाच्या वेळेला हद्द नसते ही समजूत त्यातूनच पक्की होते. मी त्यांना एवढेच विचारले, की या मुलाला कोणाला कामावर घेण्याचा, कोणाची रजा मंजूर करण्याचा किंवा दोनशे रुपयांची तरी सूट देण्याचा अधिकार आहे का? ते हसले. कायदा माणसाचे काम पाहतो, पाटी पाहत नाही.

मग आम्ही दोघांनी पट्ट्यांवरून आकडे मांडले. मार्चमध्ये कामाचे २३ दिवस झाले होते आणि जादा तास ९२ भरले. पगार १५,६०० रुपये, म्हणजे २६ दिवसांनी व आठ तासांनी भागल्यास तासाला ७५. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे १५०. एकूण १३,८०० रुपये निघाले, मूळ पगाराच्या जवळपास. मालक काही वेळ कॅल्क्युलेटरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘देऊन टाकतो. विषय संपला.’’

मालक मनाने वाईट नव्हते, पण विषय संपला नव्हता. फेब्रुवारीतले जादा तास ५४ होते. दोन महिन्यांचे मिळून १४६ झाले, आणि तेव्हाच्या कायद्याने तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त जादा काम घेताच येत नव्हते. शिवाय साडेनऊला आलेला माणूस पावणेअकराला सुटतो, म्हणजे दिवसाचा एकूण पल्ला सव्वातेरा तासांचा, जिथे तेव्हा साडेदहा तासांची मर्यादा होती. पैसे चुकते केल्याने मर्यादा ओलांडल्याचे पुसले जात नाही, हे पटवून द्यायला मला चहाचे दोन कप लागले. व्यापारी माणसाला दुप्पट दर लगेच समजतो, पण पैसे मोजूनही एखादी गोष्ट विकत मिळत नाही, हे चटकन पचत नाही.

अखेर असे ठरले, की हंगाम संपेपर्यंत दुपारी दोनला येणारा आणखी एक मुलगा पट्ट्यांवर ठेवायचा, दोन्ही महिन्यांचा जादा मोबदला एप्रिलच्या पगारात द्यायचा आणि हजेरीच्या वेळा ज्याने त्याने स्वतः लिहायच्या. यादीतले त्याचे नाव मी तिथेच खोडले.

मी निघालो तेव्हा तो मुलगा यार्डाच्या फाटकापर्यंत मागे आला. चेहरा पडलेला होता. ‘‘साहेब, घरच्यांनी स्थळांसाठी बायोडाटा पाठवलाय. त्यावर असिस्टंट मॅनेजर लिहिलंय. आता ते बदलावं लागंल का?’’ पदनाम खुशाल ठेव, असे मी त्याला सांगितले.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी एप्रिलचे हजेरीपत्रक तपासायला गेलो. त्याच्या नावापुढची जाण्याची सर्वांत उशिराची वेळ ७:४० होती आणि त्या पानावर दोन ठिकाणी पिवळे अंगठे उमटले होते.