सरांच्या फळ्यावरचा पाऊस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले आणि सर्वच गुरुजनांविषयी लिहायचे ठरवूनही लेखणी गणिताच्या सरांपाशीच थांबली. आज पाटबंधारे खात्यात पावसाच्या नोंदी वाचताना जी नजर कामी येते, ती त्यांनीच दिलेली आहे.

आपल्या मराठवाड्यात पावसाची नुसती सरासरी सांगून भागत नाही, हे सरांचे ठाम मत होते. जून ते सप्टेंबरच्या रोजच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी ते तहसीलमधून उतरवून आणत आणि आम्ही ताळ्याच्या खुणा करून वारंवारता सारणी, म्हणजे किती पावसाचे किती दिवस याचा तक्ता, तयार करत असू. त्यावरून आयतालेख, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या आयतांचा आलेख, काढला की डावीकडे कोरड्या व रिमझिमीच्या दिवसांचा उंच आयत उभा राही आणि उजवीकडे मोजक्या मुसळधार दिवसांची लांब शेपटी पसरे. सरासरी त्या शेपटीकडे ओढली जाते, मध्यक, म्हणजे क्रमाने मांडलेल्या नोंदींतला मधला आकडा, मात्र फारसा हलत नाही, हे आम्हाला गावच्या पावसावरूनच उमगले.

एक तास विशेष आठवतो. सरांनी मुद्दाम पावसाचे असमान रुंदीचे वर्ग, म्हणजे गट, घेतले होते: 10 ते 20 मिलिमीटरमध्ये 6 दिवस, 20 ते 50 मध्ये 9 दिवस. वर्गातल्या हुशार मुलाने फळ्यावर दुसरा आयत 9 उंचीचा काढला. सरांनी तो पुसला नाही, खडूने त्याचे तीन उभे भाग पाडले आणि विचारले, "दर दहा मिलिमीटरला नऊ-नऊ दिवस कुठून आणलेस रे बाबा?" मग उंची 3 वर आली. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने दाखवायची असते, ते त्या तासाला कायमचे पक्के झाले. पिकांच्या स्तंभालेखात स्तंभ सुटे असतात, कारण ज्वारी आणि तूर यांच्यामध्ये काही नसते. पावसाचे मिलिमीटर सलग वाढतात, म्हणून आयत चिकटून असतात, हेही सरांनी तेव्हाच सांगितले.

आता माझ्या तक्त्यांत 65 मिलिमीटरपासून पुढचा वर्ग मी स्वतंत्र ठेवतो. महसूल मंडळात अतिवृष्टी त्या आकड्यापासून धरतात आणि पंचनाम्यांची चर्चा तिथूनच सुरू होते. संगणकावर सोडले, तर वर्गमर्यादा तोच ठरवतो आणि हा आकडा एखाद्या आयताच्या पोटात दडून जातो. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू करून किरकोळ फरक डोंगराएवढा दाखवणारे आलेख तर रोज नजरेस पडतात. शाळेत संगणक कक्ष झाला, याचा अभिमान वाटतो; पण आलेखवही दप्तरातून गेली, याची हळहळ वाटते. यंदाच्या नववीने आपल्या मंडळाच्या पावसाचा निदान एक आयतालेख हाताने काढावा, त्यासाठी लागणाऱ्या नोंदी मी आनंदाने पाठवीन.