ठिणगी आणि बादली

लोखंडावर ग्राइंडर चालला की ठिणग्यांचा फवारा उडतो. कारागीर डोळ्यांना चष्मा लावतो, पण मनगटावर पडणाऱ्या ठिणग्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या पिवळ्याधमक रंगावरून तापमान हजार अंशांच्या वर असणार हे उघड आहे. तरी बारीकसा चटका बसतो आणि काम चालूच राहतं. याच कारागिराच्या पायावर साठ अंशांचं भांडंभर पाणी सांडू द्या, मग बघा!

गोम वजनात आहे. ठिणगी म्हणजे लोखंडाचा कण. समजा त्याचं वजन मिलिग्रॅमचा दहावा भाग आहे. तो पुरता निवाला तरी ०.०५ ज्यूलच्या आसपासच उष्णता देणार. आता पंधरा लिटर पाण्याची बादली घ्या. ती फक्त एक अंशाने निवली तर सुमारे ६३,००० ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे हिशेबाने बारा-तेरा लाख ठिणग्या. ‘किती गरम?’ आणि ‘किती उष्णता?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे जोसेफ ब्लॅकने स्कॉटलंडमध्ये १७६०च्या सुमारास नीट दाखवून दिलं. थर्मामीटर पहिल्याचंच उत्तर देतो, दुसऱ्यासाठी तराजूही लागतो.

पण नुसत्या वजनावरही भागत नाही. एक ग्रॅम तांबं एका अंशाने तापवायला ०.३८५ ज्यूल लागतात, एक ग्रॅम शिशाला जेमतेम ०.१२८. वजन तेच, मग शिसं तिपटीने स्वस्तात का तापतं? शाळेत ‘विशिष्ट उष्माधारकता’ म्हणून हा तक्ता पाठ करून घेतात आणि खरी गंमत तिथेच हातची जाते. ती पॅरिसमध्ये १८१९ साली द्युलाँ आणि पेती यांच्या लक्षात आली. त्यांनी प्रत्येक धातूच्या आकड्याला त्याच्या अणुभाराने गुणलं. तांबं, शिसं, लोखंड, सोनं, कुणालाही घ्या, आजच्या एककांत उत्तर पंचविसाच्या आसपास येतं. शिशाचा अणू तांब्याच्या तिपटीहून जड, म्हणून ग्रॅमभर शिशात अणू कमी. उष्णता वजन बघत नाही, डोकी मोजते. जडशीळ असो की हलका, एका अंशासाठी प्रत्येक अणूचा वाटा जवळपास सारखाच. (हिरा मात्र या पंगतीत बसत नाही. नेहमीच्या तापमानाला तो आपला वाटा पुरता घेतच नाही. त्याचं कारण सापडायला १९०७ साल आणि आइन्स्टाइन यावे लागले.)

पाणी या सगळ्यांत खादाड. ग्रॅमला ४.१८ ज्यूल, लोखंडाच्या नऊपटींहून जास्त. त्यात त्याचा साठा अफाट. समुद्राचा वरचा तीनेक मीटरांचा थर एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच साऱ्या वातावरणाला पुरते. पृथ्वी तापतेय म्हणताना आपण हवेचा पारा बघतो, पण वाढीव उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राच्या पोटात जातो. तिथे पारा हलतो न हलल्यासारखा. म्हणूनच ‘आर्गो’ प्रकल्पाची जवळपास चार हजार तरंगती यंत्रं जगभरच्या समुद्रांत दोन हजार मीटरपर्यंत बुड्या मारून तापमान टिपतात, तेही अंशाच्या हजाराव्या भागांपर्यंत नेमकं. तिथला तेवढासा फरकसुद्धा कितीतरी टन पाण्याने गुणायचा असतो.