शाम शुई पोमधलं दुपारचं जेवण

आज दुपारी हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात डिमसम, म्हणजे चहासोबत खायचे छोटे छोटे, बहुतेक वाफवलेले पदार्थ खाल्ले. पोट भरलंच, मनही भरलं.

अगदी साधं हॉटेल. गोल टेबलं, अनोळखी माणसांच्या शेजारीच बसायचं. आधी चहाची किटली येते. पहिल्या गरम चहाने कप आणि चॉपस्टिक्स विसळून घ्यायच्या. प्यायचा तो नंतरचा. शेजारच्या आजींनी काही न बोलता माझाही कप विसळून दिला. मग कागदावर पेन्सिलने खुणा करून ऑर्डर.

हार गाव, म्हणजे कोळंबी भरून वाफवलेलं डम्पलिंग आलं आणि मी आधी नुसतीच बघत राहिले. गव्हाच्या स्टार्चमध्ये उकळतं पाणी घालून मळलेलं पीठ, त्याची पारी सुऱ्याच्या सपाट पात्याने दाबून पसरवतात. इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसते. एका बाजूला बारीक चुण्या. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणाऱ्या हातांना यातली मेहनत लगेच कळेल!

आजींच्या कपात मी चहा ओतला, तर त्यांनी दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केलं. हे इथलं आभार मानणं. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की गरम पाणी भरून मिळतं, हेही त्यांनीच दाखवलं.

आपल्याकडे डिमसम म्हणजे मॉलमधलं महागडं खाणं होऊन बसलंय, याचं खरंच वाईट वाटतं. इथे आजूबाजूला कामगार होते, पेपर वाचत निवांत बसलेले आजोबा होते. इकडे कोणी येणार असाल तर आधी अशाच हॉटेलात जा, आणि तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, म्हणजे चेउंग फन, नक्की मागवा.