पाचशे डॉलरची लालपरी

सांगलीला सुट्टीवर आलो की पहिला प्रश्न पगाराचा असतो. यंदा तो दुसऱ्या नंबरावर गेला. "तू म्हणे तिकडं मोटारीच्या शर्यतीत पळतोस? गाडी कितीची?" पाचशे डॉलर म्हटलं की समोरचा मनात गुणाकार करतो, चाळीस हजारांच्या वर जातो आणि त्याचा चेहरा पडतो. एवढ्यात इथं बरी मोटारसायकल येत नाही. विश्रामबागपासून हरभट रोडपर्यंत प्रत्येकाला वेगवेगळं सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

फ्रान्समध्ये ल माँ इथं १९२३ पासून चोवीस तासांची मोटार शर्यत होते. मोठ्या कंपन्या, कोट्यवधींचा खर्च, सगळा राजेशाही मामला. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या जे लॅम नावाच्या माणसाने तिची नावासकट टिंगल करणारी शर्यत काढली, 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स'. लेमन म्हणजे लिंबू, आणि तिकडच्या बोलीत भंगार गाडी. पाचशे डॉलरच्या आत गाडी उभी करायची हा मूळ नियम. चोवीस तास बहुतेक ठिकाणी नावापुरतेच. शनिवार-रविवार मिळून दिवसाउजेडी पळायचं आणि मधली रात्र गाडीखाली झोपून काढायची, पाना हातात घेऊन. एका टीमचे चार-सहा ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात. वेळ संपेपर्यंत ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पुढे.

मी राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ. आमच्या भागात दर दुसरा मराठी माणूस मोटार कंपनीत किंवा तिला पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत असतो. दिवसभर संगणकावर गाडीचा एखादा कोपरा रंगवायचा आणि घरी येऊन स्वतःच्या गाडीचं ऑइल दुसऱ्याकडून बदलून घ्यायचं, असलं आमचं इंजिनिअरिंग. टीम जमली ती या चिडीतून. मी सांगलीचा, एकजण कराडचा, एकजण इचलकरंजीचा, आणि दोघं पुण्याचे, ज्यांना आम्ही हिशोब ठेवायला घेतलं असं त्यांच्या तोंडावर म्हणतो.

गाडी जुनी जपानी सेडान. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या कंपनीचे दोन शेजारी आमच्याच गल्लीत राहतात. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ पत्रा खातं. आमच्या गाडीला मागच्या चाकाच्या वर एवढं भोक होतं की डिकी न उघडता आतली स्टेपनी दिसायची. विकणाऱ्याने सातशे सांगितले. आतल्या सीटा, म्युझिक सिस्टिम, सनरूफची काच असं सगळं काढून आम्ही विकलं, कारण विकलेल्या मालाचे पैसे खर्चातून वजा धरायची मुभा आहे. हिशोब पाचशेच्या आत बसला. पुणेकर कामाला आले.

आता सांगलीकरांना न पटणारा भाग. पाचशेच्या या मर्यादेत सुरक्षेचं सामान धरतच नाहीत. ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा, रेसिंगची सीट, पट्टे, आग विझवायची यंत्रणा, ब्रेक, टायर, चाकं यांवर हवा तेवढा खर्च करा, करायलाच लागतो. आमचा पिंजरा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडला. दीड इंच व्यासाचा, जवळपास तीन मिलिमीटर जाडीचा पाइप, डोक्यामागची मुख्य कमान एकाच अखंड पाइपची. पट्ट्यांवर तारीख छापलेली असते, ती उलटली की नवेकोरे दिसणारे पट्टेही बाद. बाहेर उभ्या माणसाला ओढता येईल असा कटऑफ स्विच लागतो, तो ओढला की चालू इंजिन बंद पडलं पाहिजे. पेट्रोल भरताना ड्रायव्हर गाडीबाहेर, भरणारा हेल्मेटसकट आगरोधक कपड्यांत, आणि शेजारी एकजण फक्त आग विझवायचा सिलिंडर धरून उभा. त्याने दुसरं काही करायचं नाही.

विश्रामबागच्या पुढं माझ्या मामांचं गॅरेज आहे. आमच्या टीमचे बिनपगारी तांत्रिक सल्लागार तेच, सगळं व्हिडिओ कॉलवर. पिंजऱ्याचा खर्च ऐकून ते खवळले. "आरं, पाचशेच्या गाडीला एवढ्याचा पिंजरा? वाघ ठेवणार हाईस काय आत?" मागे स्टुलावर बसलेले, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले काका म्हणाले, "त्या देवराष्ट्र्याच्या लोहारांनी साठ हजारात अख्खी जीप केली."

खरं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, तिला मोटारसायकलसारखी किक बसवली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत गेला आणि पुढच्याच महिन्यात त्या जीपच्या बदल्यात लोहारांच्या दारात नवी बोलेरो उभी राहिली. अमेरिकेतल्या मित्रांना मी तो व्हिडिओ दाखवतो तेव्हा ते टोप्या काढतात. पण तेव्हाच महिंद्रांनी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावरून काढावी लागेल. हे वाक्य आपल्याकडे कुणाला आठवत नाही.

मामांचा मुद्दा समजून घेण्यासारखा होता. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले. निकामी पार्ट फेकायचा नाही, लेथवर घासून बसवायचा, हीच त्यांची विद्या. तिला या शर्यतीत भरपूर वाव आहे. आमच्या रेडिएटरला वारा नीट लागत नव्हता, तर निवडणुकीनंतर अंगणाअंगणात पडलेल्या प्लास्टिकच्या पाट्या गोळा करून त्यांचा बोगदा केला. (सांगलीत वाढदिवसांच्या फ्लेक्सवर एक अख्खी टीम वर्षभर पळेल.) पंख्याला घरातलं बटण लावलं. बॉनेटला कडी घरच्या फाटकाची. तपासणीला आलेल्या माणसाने या सगळ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यानेच पिंजऱ्याच्या एका जोडाखाली आरसा धरला, मागच्या बाजूने वेल्डिंग पुरतं फिरलंय का बघितलं आणि बोटाने चाचपलं. जे मोडलं तर फेऱ्या बुडतात, तिथं वाटेल तो जुगाड करा. जे मोडलं तर मान मोडते, तिथं नाही. हे आयोजकांनी नियमात लिहून ठेवलंय, आणि मला त्या शर्यतीतलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

मानेवरून आठवलं. हेल्मेटला जोडलेली, मानेमागून खांद्यावर येणारी एक खोगिरासारखी कडक कॉलर असते, हॅन्स नावाची. गाडी समोर आदळते तेव्हा छाती पट्ट्यांनी धरलेली असते, डोकं मात्र तसंच पुढं जातं, आणि कवटी मानेला मिळते तिथं हाड तुटतं. हॅन्स डोक्याला छातीबरोबरच थांबवतो. तो बनवला आमच्या मिशिगनच्या रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकाने, ते मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचे. त्यांचा मेव्हणा जिम डाउनिंग शर्यतीचा ड्रायव्हर. १९८१ मध्ये डाउनिंगचा एक ड्रायव्हर मित्र अपघातात गेला, तेव्हा मेव्हण्याची मान वाचवायला दाजी कामाला लागले. वर्षानुवर्षं ड्रायव्हर तो घालायला नाखूष होते, अडचण होते म्हणून. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्टसारखा दिग्गज ड्रायव्हर कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला आणि चित्र पालटलं. नॅस्कार या अमेरिकेतल्या शर्यत संस्थेने त्याच वर्षी असं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ मध्ये. आमच्या पाचशेच्या गाडीतही ते सक्तीचं आहे. मामांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे दाजीनं केलं? चांगला दाजी मिळाला की त्याला."

आमची शर्यत साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर. लेक मिशिगनच्या काठचं गाव, आजूबाजूला ब्लूबेरीचे मळे, आपल्याकडे तासगावच्या बाजूला द्राक्षबागा लागतात तसे. १९९६ चा ट्रॅक, अकरा वळणं, कडेला भरपूर मोकळं गवत. नवशिक्याने घसरावं तर इथंच.

शुक्रवारी तपासणीनंतर न्यायाधीशांसमोर पेशी असते. गाडी खरंच पाचशेची आहे का, हे ते ठरवतात. जास्तीची वाटली तर दर दहा डॉलरला एक फेरी दंड, शर्यत सुरू होण्याआधीच. लाच चालते. उघड चालते, आणि घेतल्यावर तुमच्या गाडीवर 'लाच दिली' असा शिक्काही मारतात. बहुतेक जण दारू नेतात. आम्ही सांगलीचं भडंग नेलं. पहिली मूठ तोंडात टाकल्यावर न्यायाधीश महाशयांनी पाणी मागितलं, मग दुसरी मूठ. दंड शून्य.

गाडीला सोंग द्यायची इथं रीत आहे. आम्ही तिला एसटी केलं. लाल रंग ब्रशने मारला, कपाळावर पाटी 'सांगली–डेट्रॉइट, मार्गे मिरज', बाजूला 'जलद'. आत दोरी बांधून घंटा लावली. पिटमधून, म्हणजे गाडी थांबवायच्या जागेतून, सोडताना इचलकरंजीवाला दोनदा टण टण वाजवायचा. शेजारच्या टीमने विचारलं हे काय आहे. १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली इथपासून सांगायला पुणेकराने सुरुवात केली, ते बिचारे ऐकत राहिले.

चालवण्याचं काय सांगू? वेग मोठा नसतो, गर्दी मोठी असते. शंभराच्या आसपास गाड्या, कुणी तुमच्या दुप्पट जोरात, कुणी निम्म्याने. अर्धं लक्ष आरशात. मिरज स्टँडबाहेर ज्याने गाडी चालवली त्याला याची भीती वाटत नाही, पण तिथली सवय इथं नडते: कुणाला घासलं किंवा चारही चाकं रस्त्याबाहेर गेली की काळा झेंडा. मग आत येऊन शिक्षा भोगायची. कराडकराने एका वळणावर गाडी गवतात नेली. त्याला मिळालेली शिक्षा: काय घडलं ते एकही शब्द न बोलता, हावभावांनी न्यायाधीशांना समजावायचं. कॉलेजच्या गॅदरिंगचा हिरो तो. त्याने स्टिअरिंग, घसरण, गवत, वर भरलेल्या एसटीतली उलटी करणारी म्हातारीही दाखवली. टाळ्या मिळाल्या, वेळ मात्र परत मिळाला नाही.

शनिवारी संध्याकाळी पुढच्या चाकातून घरघर येऊ लागली. रात्री नऊ वाजता फोन लावला, सांगलीत रविवारची सकाळ, साडेसहा. मामा गॅरेजसमोर पाणी मारत होते. "डावीकडं वळताना वाढतोय का उजवीकडं?" डावीकडं. "मग उजवं बेअरिंग. वजन तिकडं पडतंय." तरी खात्रीला गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवायला लावलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हबपाशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागापाशी, टेकवून मूठ कानाला धरायला सांगितली. आमच्याच मॉडेलची गाडी घेऊन आलेली एक टीम दोन तंबू पलीकडं होती, आमच्याच वर्गातले प्रतिस्पर्धी. त्यांच्याकडे भंगार यार्डातून काढून आणलेला अख्खा हब होता, बेअरिंगसकट. देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत, उरलेलं भडंग घेतलं. मध्यरात्री नट आवळताना कराडकर पान्यावर पाय देऊन उभा राहिला, तर फोनमधून मामा ओरडले, "आरं अंदाजानं नगं! टॉर्कच्या पान्यानं, मोजून आवळ! चाक हाय ते!"

रविवारी गाडी शेवटपर्यंत पळाली. आमचा सी वर्ग, म्हणजे ज्यांच्याकडून आयोजकांनाही काही आशा नसते असा. त्यात मधल्या फळीत आलो. आपल्याकडे बैलगाडी शर्यतीला बुलेट, ट्रॅक्टर, थारपर्यंत बक्षिसं जातात. इथं सगळ्यात मानाचं बक्षीस सगळ्यात पुढच्याला मिळत नाही. ज्या गाडीने इतकं धावायला नको होतं आणि तरी धावली, तिला मिळतं. एके काळी बक्षिसाची रक्कम पाच सेंटच्या नाण्यांत मोजून द्यायचे, पोती भरून.

या सुट्टीत मामांकडे बसलो होतो, तेव्हा दोन पोरं जुनी जीप घेऊन आली. डोंगरात न्यायचीय, वर पिंजरा करून द्या. पाइप सोबतच आणला होता, नळाचा, जीआय. मामांनी तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "सीमलेस आणा, बिनजोडाचा. ह्यो चेपतोय आणि जोडाला फाटतोय. वर शोभंला पाहिजे असंल तर शोभंचं म्हणून सांगा, मी पट्टी मारून देतो, पण आत बसून उलटायचं न्हाई." पोरांनी खर्च विचारला, ऐकला, जीप वळवली आणि गेली. संध्याकाळी चहाला कळलं, पलीकडच्या चौकात त्यांना त्याच पाइपचा पिंजरा करून मिळाला, रंगासकट. मामा बराच वेळ शिव्या देत होते. मग म्हणाले, कुपवाडच्या एमआयडीसीत पाइप आहे, वाकवायचं मशीन आहे, वेल्डर तर तिकडच्यापेक्षा चांगले आहेत. तुमच्या तिकडं तपासणीला आरसा धरतो तो माणूस पगारी असतो का?